सहा दिवस, पाच बोटी : मांडवा ते रत्नागिरी सायकलवर

ताईच्या वहीच्या पहिल्या पानावर किलोमीटर लिहिलेलेच नव्हते. पाच जेट्यांची नावं होती एकाखाली एक, आणि प्रत्येकीसमोर पहिली बोट कधी, शेवटची कधी, आणि बोटीतून उतरल्यावर चढ केवढा. मी विचारलं, अगं रोजचं अंतर कुठाय? तर म्हणाली, "कोकणात अंतर नाही मोजायचं, खाड्या मोजायच्या. प्रत्येक खाडीला खाली उतरायचं आणि पलीकडून पुन्हा वर चढायचं, त्यात दिवस जातो."

ताई म्हणजे माझी मामेबहीण, वय ५५. मी तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. दोघी तीन वर्षं रविवारी सकाळी सायकल चालवतोय, पण सामान लादून सलग सहा दिवस हे पहिल्यांदाच. जानेवारीचा दुसरा आठवडा ठरवला. सोमवारी निघालो ते मुद्दाम, कारण अलिबाग-काशीदच्या रस्त्यावर शनिवार-रविवार मुंबईच्या गाड्यांची जी रांग लागते त्यात सायकल चालवण्यात काही अर्थ नाही. आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचं हेही ठरवूनच. हिवाळ्यात या किनाऱ्यावर दुपारनंतर वायव्येकडून वारा सुटतो, तो पाठीशी राहतो. उलटं आलात तर रोज दुपारी तोच वारा तोंडावर घ्यावा लागेल.

दिवस पहिला : मांडवा ते मुरूड

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट. सायकल गाड्यांच्या डेकवर भिंतीला टेकवून बांधली, वर जाऊन चहा घेतला आणि तासाभरात मांडव्याला उतरलो. पूर्ण वेळ कुरव पक्षी बोटीच्या मागे.

अलिबागपर्यंत रस्ता सपाट. पुढे नागाव, चौल, रेवदंडा, दोन्ही बाजूंना नारळ-सुपारीच्या वाड्या, सावलीच सावली. हा पट्टा हळू चालवा. आम्ही चौलमध्ये दोनदा थांबलो, एकदा शहाळ्यासाठी आणि एकदा उगाच. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी याच चौल बंदरात उतरला होता, रेवदंड्याच्या शाळेत त्याचं स्मारक आहे. घोडा विकायला आला होता म्हणे तो. आम्ही सायकली भिंतीला लावून बघून आलो.

साळावचा पूल ओलांडला की समुद्र उजव्या हाताला येतो आणि मग तो रत्नागिरीपर्यंत उजव्याच हाताला, फक्त मधे मधे डोंगराआड जातो. कोर्लईच्या फाट्यावर दोन बायका बसची वाट बघत बोलत होत्या आणि आम्हाला त्यातला एक शब्द कळेना. कान देऊन ऐकलं तरी नाही. त्यातल्या मोठ्या बाईंच्या ते लक्षात आलं, हसल्या आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "ही आमची घरची बोली." पोर्तुगीज इथून १७४० मध्ये गेले, किल्ला तेव्हाच मराठ्यांकडे आला, पण त्यांची भाषा मराठीत मिसळून या एका गावात अजून घरात बोलली जाते. वाचलं होतं याबद्दल, पण बसथांब्यावर भाजीच्या भावाबद्दल चाललेलं बोलणं त्या भाषेत ऐकणं वेगळंच. बस आली, त्या गेल्या, आम्ही बराच वेळ तिथेच.

काशीदच्या आधीचा चढ पहिला खरा चढ. मग नांदगाव, मग मुरूड. संध्याकाळी घरगुती मुक्काम होता, त्या वहिनींनी विचारलं पोपटी लावतोय, खाणार ना? जानेवारीत रायगडात जाताय तर पोपटी चुकवू नका, ही फक्त थंडीत होते कारण वालाच्या शेंगा तेव्हाच. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, ओवा आणि जाडं मीठ, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च दाबून मडकं उलटं ठेवायचं. वरून पेंढा-काटक्या रचून जाळ. अर्ध्या तासाने त्यांच्या मुलाने मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं आणि पाणी क्षणात उडालं तशी म्हणाला, झाली. पाण्याचा थेंब घातलेला नसतो, शेंगा स्वतःच्या ओलाव्यावर शिजतात. त्या भांबुर्डीचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत माझ्या हातमोज्यांना होता.

दिवस दुसरा : मुरूड ते हरिहरेश्वर

सहाला उठून साडेसहाला रस्त्यावर. हा नियम पुढे बहुतेक दिवस पाळला. ऊन दहानंतर चढतं, अकरापर्यंत जेवढं होईल तेवढं अंतर करून टाकायचं, बारा ते तीन जेवण आणि आराम, मग वाऱ्याबरोबर उरलेलं.

राजपुरीच्या वरच्या वळणावरून जंजिरा दिसतो, धुक्यात अर्धा बुडालेला. तिथून खाली आगरदांडा, जंगल जेटीने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या सपाट बोटीने, दिघी. बोटीवर आम्ही दोघी, चार मोटरसायकली, एक टेम्पो. टेम्पोवाल्या दादांनी विचारलं, "संगती कोण नाय?" ताई म्हणाली, आहे की, ही आहे. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण दिघीच्या चढावर आमच्या मागून आले तेव्हा हॉर्न न वाजवता हळूच बाजूने काढून हात करून गेले.

दिवेआगरला जेवण आधी फोन करून सांगितलेलं होतं. हे लक्षात ठेवा, इथल्या घरगुती खानावळी मोजून रांधतात, आयत्या वेळी गेलात तर नम्रपणे नाही म्हणतात. उकडीचे मोदक, वालाचं बिरडं, सोलकढी. अंगणात सुपारी वाळत घातलेली. याच गावात एका सुपारीच्या बागेत १९९७ मध्ये पेटीत सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला आणि २०१२ मध्ये तो चोरीला गेला. वाढणाऱ्या काकू त्या सकाळबद्दल सांगत होत्या, त्या दिवशी गावात चूल पेटली नाही म्हणाल्या, आणि सांगता सांगता वाटीतलं तूप वाढायचं राहिलं ते त्यांनाच आठवलं.

दुपारनंतरचा दिवेआगर ते श्रीवर्धन, आरावी-शेखाडीवरून जाणारा किनाऱ्याचा रस्ता हा माझ्या मते सगळ्या ट्रिपमधला सर्वात सुंदर तुकडा. रस्ता आणि समुद्र यांच्यामध्ये फक्त कातळ. भरतीच्या लाटा कातळावर फुटून तुषार हँडलपर्यंत येत होते, वारा पाठीशी, आणि मी कितीतरी वेळ पेडल न मारता नुसती सरकत होते. या तुकड्यासाठी वेळ राखून ठेवा, इथे घाईने पोचलात तर वाईट वाटेल. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं मूळ गाव, तिथे चहा घेतला आणि अंधाराच्या आत हरिहरेश्वर गाठलं.

रात्री साखळी पुसली. एवढं एक काम कितीही दमलात तरी टाळू नका. खाऱ्या तुषारांनी एका रात्रीत गंज धरतो. जुनं फडकं, थोडं तेल, पाच मिनिटं. आणि ओल्या वाळूवर सायकल चालवायचा मोह सगळ्यांनाच होतो, ओहोटीला वाळू घट्ट असते त्यामुळे चालतेही छान, पण नंतर गोड्या पाण्याने धुवायची सोय असेल तरच उतरवा.

दिवस तिसरा : हरिहरेश्वर ते मुरूड (दापोलीचं)

हो, मुरूड दोन आहेत, एक रायगडात आणि एक दापोली तालुक्यात. नकाशावर शोधताना घोळ होतो. अजून एक, मोबाईलवरचे नकाशे कधी कधी बोटीच धरत नाहीत आणि तुम्हाला आत महामार्गावरून शंभरेक किलोमीटरचा वळसा दाखवतात. घाबरून जायचं नाही, रस्ता जेटी ते जेटी असा तुकड्यातुकड्याने टाकायचा.

बागमांडल्याहून सकाळची बोट, सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वी. इथे रायगड संपून रत्नागिरी जिल्हा लागतो आणि चढ बदलतात. आधीचे लांब आणि सौम्य होते, इथले आखूड आणि उभे. माझ्या सायकलला पुढे सगळ्यात लहान चक्र ३० दात्यांचं आणि मागे सगळ्यात मोठं ३४ चं आहे, त्यावर नऊ किलो सामान घेऊन मी कशीबशी चढले. ताई दोन ठिकाणी उतरून ढकलत गेली. उतरून ढकलण्यात काही कमीपणा नाही, गुडघे सांभाळणं महत्त्वाचं. गिअर जड असतील तर निघायच्या आधी मागचं कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) बदलून घ्या, बाकी कुठल्याही वस्तूपेक्षा तो खर्च जास्त कामी येतो.

वेळासला वाट वाकडी करून गेलो. ऑलिव्ह रिडले कासवं इथे अंडी घालतात, गावकरी ती जाळीच्या कुंपणात हलवून राखतात आणि पिल्लं साधारण फेब्रुवारीअखेरपासून पुढे समुद्रात सोडतात. आम्ही लवकर होतो, पिल्लं नव्हती. पण कुंपणाशी बसलेल्या एका तरुणाने आम्हाला वाळूत खोचलेल्या पाट्या दाखवल्या, प्रत्येक घरट्याला तारीख आणि अंड्यांची संख्या, कुठे ९८ कुठे ११६. पहाटे चारला किनारा फिरून मादीच्या पावलांचा माग काढतात, दोन्ही बाजूंना वल्ह्यासारखे ओरखडे. त्याने काठीने वाळूत काढून दाखवले कसे दिसतात ते. कोल्ह्या-कुत्र्यांच्या आधी पोचायचं असतं, बस, हीच शर्यत म्हणाला.

तिथे तास गेला आणि तो दुपारी भोवला. केळशीकडे जाताना सडा लागतो, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट जांभ्या दगडाचं पठार, झाड नाही, सावली नाही, खालून कातळ तापलेला. दीड वाजता माझ्या दोन्ही बाटल्या रिकाम्या. जांभ्याच्या एका घराशी थांबून पाणी मागितलं तर आजींनी आधी पाणी दिलंच नाही, आधी बसवलं. "घामात पानी पिऊ नका, बसा जरा." मग गूळ, मग कळशीतलं पाणी, मग कोकम सरबत मीठ-जिरं घालून. आम्ही निघताना बाटल्या भरून दिल्या आणि विचारलं रात्री कुठे राहणार. ताईने गाव सांगितलं तेव्हाच त्यांचं समाधान झालं. सड्यावर जायच्या आधी प्रत्येकी निदान तीन लिटर पाणी घ्या, आणि मीठ-साखरेच्या पुड्या. आम्ही दोन लिटरवर निघालो ही चूक होती.

केळशी, उटंबर, आडे, पाडले, आंजर्ले. आंब्याला मोहोर आलेला, चढावर दम लागला की छातीत तोच वास भरायचा. हर्णैला पाचच्या सुमारास पोचलो तर लिलाव भरात. बैलगाड्या पोटापर्यंत पाण्यात उभ्या, होड्यांतून टोपल्या थेट गाडीत, गाडी वाळूवर, आणि तिथे कोळणींचं कडं. एक बाई सुरमईचा वाटा समोर ठेवून बोली घेत होती, नजर एकाचवेळी पाच जणांवर, कोण बोटाने, कोण भुवईने वाढवतंय, आणि तिने "गेला" म्हणताच टोपली उचलली गेलीसुद्धा. मागे सुवर्णदुर्ग. आम्ही सायकली धरून उभ्या होतो तर तीच बाई मधेच आमच्याकडे वळून म्हणाली, "गो बाय, बाजूला घ्या, बैल बिचकतील." घेतल्या.

दिवस चौथा : मुरूड ते गुहागर

अंतर कमी, पन्नाशीच्या आसपास, म्हणून निवांत निघालो. लाडघर, बुरोंडीचा परशुरामाचा पुतळा, कोळथरे. दाभोळच्या उतारावर मागून टणकन आवाज आला आणि चाक डुलायला लागलं. थांबून बघितलं, मागच्या चाकाची एक तार तुटलेली, तीही गिअरच्या बाजूची. म्हणजे कॅसेट काढल्याशिवाय नवी तार जाणार नाही आणि कॅसेट काढायचं हत्यार आमच्याकडे नव्हतं.

अशा वेळी आधी काय करायचं ते सांगते. तुटलेली तार शेजारच्या तारेला चिकटपट्टीने बांधायची म्हणजे ती अडकत नाही. चाक ब्रेकला घासत असेल तर मागचा ब्रेक मोकळा करायचा आणि पुढच्यावर अगदी हळू उतरायचं. मागचं सामान कमी करायचं. ताईने माझ्या दोन्ही बॅगा तिच्या कॅरिअरवर घेतल्या आणि उरलेला उतार आम्ही चालत उतरलो. दाभोळची बोट धोपाव्याला जाते, २००३ पासून चालू आहे. एकेकाळी इथून हजची जहाजं सुटायची एवढं मोठं बंदर, किनाऱ्यावर जुनी मशीद आहे, ती मात्र या गडबडीत लांबूनच बघितली.

धोपाव्याच्या पुढे चढ होता तो सगळा ढकलत. गुहागरच्या बाजारात विचारत विचारत एका सायकलवाल्या काकांकडे पोचलो. पत्र्याची टपरी, बाहेर दोन जुन्या काळ्या सायकली उलट्या करून ठेवलेल्या. काकांनी चाक फिरवलं, अंगठ्याचं नख रिमजवळ धरून ऐकलं आणि म्हणाले, आउट (चाकाचा डोल) फार नाही, तारेचं बघू. त्यांच्याकडे माझ्या मापाची तार नव्हती, २८ इंची साध्या सायकलची होती, लांब. आटे असलेली बाजू तशीच ठेवून त्यांनी ती दुसऱ्या टोकाला कापली, पक्कडीत धरून टोकाला आधी एक काटकोन आणि लगेच उलटा दुसरा, असा आकडा केला. मग कॅसेटच्या मागून तो आकडा हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) भोकात असा फिरवून अडकवला की काही काढावंच लागलं नाही. टायर उतरवून निपल (तार रिमला आवळायची बारीक नळी) टाकलं, तार-चावीने पाव-पाव फेरा देत आउट काढला, प्रत्येक फेऱ्यानंतर चाक फिरवून नखाने ऐकत. चाळीसेक मिनिटं. शेवटी तारा बोटांनी तंबोऱ्यासारख्या छेडल्या, नव्या तारेचा आवाज शेजारणीपेक्षा जरा खाली होता, अजून एक पाव फेरा दिला. "रत्नागिरीपर्यंत जाईल. पुढं नको नेऊ." पैसे विचारले तर पन्नास रुपये.

कारण त्यांनीच सांगितलं, सगळं वजन मागे लादलंस. पुढे हँडलला एक बॅग असती तर तार टिकली असती. तेव्हा सामान पुढे-मागे वाटा, आणि तुमच्या चाकाच्या मापाच्या दोन-तीन तारा मागच्या दांड्याला चिकटवून न्या, वजन काहीच होत नाही. माप तुमच्या दुकानातून आधी विचारून ठेवा, डावी-उजवीची लांबी वेगळी असू शकते.

संध्याकाळी व्याडेश्वराचं दर्शन आणि सुरूच्या बनात नुसतं बसणं. रात्री कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी. ताई जेवता जेवता झोपायला आली होती.

दिवस पाचवा : गुहागर ते गणपतीपुळे

पालशेत, वेळणेश्वर, हेदवी. चढ-उतार चढ-उतार, मोजायचं सोडून दिलं. प्रत्येक उतारावर माझं लक्ष मागच्या चाकाच्या आवाजाकडे. दशभुजा गणपतीच्या देवळात अर्धा तास टेकलो. बायकांना सांगण्यासारखं, या रस्त्यावर देवळांच्या भक्तनिवासात आणि एसटी स्टँडवर स्वच्छतागृहाची सोय होते, मधल्या पट्ट्यात नाही, त्यामुळे दिसलं की जाऊन घ्यायचं. आणि सुट्टे पैसे, रोख. रेंज खाडीच्या पोटात गेली की जाते, मोबाईलने पैसे देणं तिथे चालत नाही.

तवसाळच्या जेटीवर पोचलो तेव्हा बोट समोर निघून चालली होती. ताई वहीत बघून म्हणाली आता थांबायचं. म्हणून थांबलो, आणि ट्रिपमधला सगळ्यात शांत वेळ तोच मिळाला. जेटीवर एक शिक्षिका होत्या, रोज खाडी ओलांडून शाळेत येणाऱ्या. त्यांनी डब्यातली घावणं पुढे केली. म्हणाल्या, पावसाळ्यात वारं असलं की बोट बंद राहते, मग फोन करायचा शाळेत, आज मुलांना गोष्टी सांगा. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गाचे पूल व्हायचेत, त्याबद्दल विचारलं. पूल हवाच, बाळंतीण अडली तर काय करायचं रात्री, म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, बोटीवर मी वह्या तपासते ते मात्र जाईल. मी बोटींच्या प्रेमात पडलेली, तरी त्यांचं ऐकून पटलं, पूल हवाच.

जयगडला उतरून पुन्हा चढ, मग मालगुंड. कवी केशवसुतांचं घर, शेणाने सारवलेली ओसरी, तिथल्या गार जमिनीवर आम्ही पाठ टेकली. पुढे गणपतीपुळे दोन-तीन किलोमीटर.

दिवस सहावा : गणपतीपुळे ते रत्नागिरी

सगळ्यात छोटा दिवस. आरे-वारेच्या चढावर वळणावरून दोन्ही किनारे एकदम खाली दिसतात, मधे डोंगराचं नाक. तिथे बराच वेळ थांबलो कारण पुढे समुद्र सुटणार होता. रत्नागिरी स्टेशन गावापासून आत आहे आणि तिथेही चढच आहे, गाडीच्या वेळेचा हिशेब करताना तो धरा. सायकली पार्सल म्हणून टाकायच्या असतील तर चार-पाच तास आधी जा, पेडल काढा, हँडल वळवा, डिरेलरवर (साखळी सरकवून गिअर बदलणाऱ्या भागावर) पुठ्ठा बांधा.

एकूण साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास झाले. काकांची तार तशीच, आवाजसुद्धा तोच. गाडीत ताईने वही काढली आणि नवीन पान घेतलं, रत्नागिरी ते रेडी. भाट्ये, पूर्णगड, जैतापूर असं लिहीत गेली. बोटीच्या वेळांचा रकाना आखला होता तो खोडला, कारण दक्षिणेला बहुतेक खाड्यांवर पूल झालेत. चढाचा रकाना ठेवला.